जैतुनी चोथ्याच्या काळेपणाची हकीकत

श्रीविश्वकर्मा प्रसन्न. शालिवाहन शके एकोणीसशे सत्तेचाळीस, विश्वावसुनाम संवत्सरी, जयपूर शहराचे उत्तरेस सीकर रस्त्यावर विश्वकर्मा औद्योगिक क्षेत्र नामे जो धुराळ मुलूख आहे, त्यातील चौदा नंबरच्या रस्त्याचे टोकास जैतुनी ढिगावर जी मोहीम जाहली, तिची साद्यंत हकीकत कागदी उतरावी ऐसे मनी आले. कोणी पुसेल, की शेणाचोथ्याच्या ढिगाची हकीकत लिहावी ऐसे त्यात काय पडले आहे? त्यास उत्तर हेच, की राज्ये बुडाली त्यांच्या हकीकती लिहिणारे पैशाला पासरी जाहले आणि ढीग पिकला त्याची लिहिणारा एकही निघाला नाही, सबब ही तसदी घेतली. यात पदरचे काही घातले नाही. जेथे घातले तेथे शोभेपुरते घातले.

तर पूर्वी या जागी मोहरीच्या तेलाचा घाणा होता आणि तो नीरजशेठांचे आजे चालवीत. मग नीरजशेठ खासे विलायतेस जाऊन व्यापारविद्या शिकून आले आणि त्यांनी तमाम कारभाऱ्यांस गोळा करून जाहीर केले, की मोहरी जुनी जाहली, आता जैतून, म्हणजे ऑलिव्ह, गाळावे. बिकानेरकडील वाळूत जैतुनाच्या बागा उभ्या होत्याच, तेथून फळ येऊ लागले आणि बाटल्यांवर सोनेरी चिठ्ठ्या लागू लागल्या. परंतु या फळाची चाल ऐसी, की शंभर किलो रगडावे तेव्हा दहा-बारा किलो तेल हाती येते आणि बाकी राहतो चोथा, ओला, तेलकट, आंबूस वासाचा. आषाढ लागेतो त्या चोथ्याने मागले अंगण व्यापिले. शेजारी नमकीनवाल्याचा कारखाना होता, त्याने तीन वेळा वकील पाठवून कळविले, की आमच्या शेवेस तुमचा वास लागतो. चोथा तसाच शेतात टाकावा तर झाडे करपतात, गटारात सोडावा तर सरकारी नोटीस येते, ऐसा तो सर्वांस पुरून उरला.

तेव्हा नीरजशेठांनी मसलत करून कंपोस्ट खाते निर्माण केले आणि त्याची सुभेदारी कौमुदी पंढरीनाथ गावंडे यांस सांगितली. कौमुदीबाईंचे वय सव्वीस, विद्या मातीशास्त्राची, राहणे शहराचे दुसऱ्या टोकास मानसरोवर नामे वस्तीत. वडील पंढरीनाथराव मूळचे अकोल्याचे, विमा कंपनीत अधिकारी होते; वीस वर्षांमागे बदलीवर जयपुरास आले आणि बदली संपली तरी गेले नाहीत. त्यांची वऱ्हाडी जशीच्या तशी राहिली, कन्येची मराठी मात्र शाळेतल्या हिंदीने अर्धी काबीज केली, आणि बाईंच्या तोंडून दर दोन वाक्यांस एक "मतलब" निघे. बाई रोज सकाळी मानसरोवराहून मेट्रोत बसत, सिंधी कॅम्पास उतरत, सीकर रस्त्याची बस धरत आणि नाकास रुमाल बांधून छावणीत दाखल होत.

सुभेदारीची शर्त कडक होती. दिवाळीपूर्वी अंगण रिकामे जाहले पाहिजे, कारण धनत्रयोदशीस शेठांच्या घरची मंडळी कारखान्यात पूजेस येतात आणि त्यांस ढीग दिसता कामा नये. ढीग तोवर पिकून खत जाहला, तर मानसरोवरातील बागांची समिती सगळे खत उचलून नेणार; मात्र समितीने कळविले होते, की खत पिकले आहे ऐसा सहीचा दाखला पाहिजे, कच्च्या खताने रोपे मेली तर आम्ही लोकांस तोंड काय दाखवावे? आणि न पिकला, तर वीटभट्टीवाला जळण म्हणून ट्रक भरून नेणार, कंपोस्ट खाते बुडणार आणि बाईंची रवानगी बाटल्यांवर चिठ्ठ्या सरळ लागल्या की वाकड्या हे पाहण्याच्या खात्यात होणार. बाईंनी आयुष्यात प्रथमच काही आपले म्हणून हाती घेतले होते आणि ते जळण म्हणून जावे, या विचाराने त्यांस घास गोड लागत नसे.

आता ढीग पिकला हे जाणावे कसे, यावरून छावणीत दोन तट पडले. एक तट नंदकिशोरजींचा. नंदकिशोरजी म्हणजे कारखान्याचे मुकादम, सीकरकडचे, शेठांच्या आज्यांच्या वेळेपासून चाकरीत, मिशा पांढऱ्या आणि नाक तेज. त्यांचे म्हणणे, की मूठभर माल घ्यावा, दाबावा, हुंगावा, आणि नाक सांगेल ते खरे. दुसरा तट कौमुदीबाईंचा. बाईंचे म्हणणे, की चोथा जसजसा कुजतो तसतसा काळवंडतो, तो काळेपणा यंत्राने मोजावा आणि वहीत लिहावा, म्हणजे उद्या कोणी पुसले तर नाक कोठे दाखवीत बसावे?

यंत्र बाईंनी सांगानेरच्या एका कापड छापणाऱ्या कारखान्यातून जुने मिळविले होते. तेथे ते लाल कापड किती लाल हे सांगत असे. आकाराने मोठ्या बॅटरीएवढे, काळेकुट्ट, आणि त्याची एक बैठक, तिच्या खोल तळाशी पांढरीशुभ्र टाइल बसविलेली. दर वेळी मोजणीपूर्वी यंत्र त्या बैठकीत तोंड खाली करून बसवावे, म्हणजे ते टाइल पाहून पांढरे म्हणजे काय हे ध्यानी घेते; मग नमुन्यावर ठेवावे, एकदा उजेड चमकतो आणि आकडा येतो. शंभर म्हणजे दूध, शून्य म्हणजे काजळ, बाकी सर्व दुनिया मध्ये. ढिगाचा आकडा पंचविसाच्या आत आला की खत पिकले, ऐसे बाईंनी वहीच्या पहिल्या पानावर लिहून खाली रेघ ओढली, आणि दर सोमवारचा नमुना वाळवून, चाळून, काचेच्या डबीत तारखेसह बंद करून ठेवण्याचा रिवाज पाडला.

पहिली चकमक पहिल्याच सोमवारी उडाली. नंदकिशोरजींनी ढिगात हात घालून मूठभर ओला चोथा आणिला आणि यंत्रापुढे ठेविला. यंत्राने एकवीस सांगितले. नंदकिशोरजींनी मिशीस पीळ भरून तमाम मजुरांदेखत विचारले, की मॅडमजी, ढीग कालच घातला आणि तुमची मशीन म्हणते आजच पिकला, तर नोकरी तिला द्यावी की मला? मजूर खदाखदा हसले. बाईंनी चाळणी मागविली. तोच चोथा उन्हात वाळविला, चाळणीतून काढिला आणि दोन प्रहरी पुनः मोजला, तो अडतीस निघाला. ओले ते सारेच काळे दिसते, ऐसे बाईंनी समजाविले आणि त्या वाळल्या चोथ्याची पहिली डबी भरिली. नंदकिशोरजी "हूं" इतकेच बोलून चहास गेले, परंतु त्या दिवसापासून ते यंत्राकडे सावत्र सासूच्या नजरेने पाहू लागले.

मग मोहिमेस रंग भरला. शेणाच्या गाड्या आल्या, बाजरीचा कडबा आला, आणि जेसीबी दर आठवड्यास स्वारी करून ढीग उलटापालटा करू लागला. ढिगातून वाफा निघू लागल्या, आत हात घालवेना इतका तो तापला, आणि नमकीनवाल्याने चौथा वकील पाठविला. परंतु आकडा हटत चालला. अडतिसावरून पस्तीस, पस्तिसावरून तेहतीस, मग तीस, आणि भाद्रपद सरता सरता अठ्ठावीस. आश्विनात घट बसल्यावर सोमवारी सत्तावीस आला, तेव्हा बाईंनी खुशीने तमाम मजुरांस कचोऱ्या वाटिल्या आणि नंदकिशोरजींनी दोन कचोऱ्या खाऊनही मत बदलिले नाही.

त्याच गुरुवारी दसरा होता. गावंड्यांचे घरी हत्यारांची पूजा मोठ्या दिमाखाने होत असे. पाटावर स्कूटरची किल्ली, पंढरीनाथरावांचे जुने कॅल्क्युलेटर, स्वयंपाकघरातील विळी आणि मिक्सर ऐसा लवाजमा मांडला जाई. पाटावर आपले काही नाही ही बाईंची लहानपणापासूनची खंत होती, सबब बुधवारी संध्याकाळी त्यांनी यंत्र बैठकीसह घरी आणिले आणि मिक्सरच्या शेजारी मांडिले. झेंडूच्या माळा पडल्या, आरती जाहली, श्रीखंड जाहले, आणि शुक्रवारी यंत्र पुनः कामावर रुजू जाहले.

सोमवार उजाडला, नमुना वाळला, चाळला, आणि यंत्राने सांगितले, एकतीस!  ढीग तरुण जाहला! बाईंनी तीन वेळा मोजिले, तिन्ही वेळा एकतीस, आणि वर यंत्राने हेही सांगितले, की माल किंचित हिरवट आहे. शेण कमी पडले की कडबा जास्त पडला, की हवाच पोहोचली नाही, ऐसे नाना तर्क करून बाईंनी जादा शेणाची कुमक बोलाविली, जेसीबीस दोनदा स्वारी करविली आणि आठ दिवस उन्हातान्हात स्वतः फावडे चालविले. पुढील सोमवारी, म्हणजे आश्विन वद्य अष्टमीस, एकोणतीस. आणि धनत्रयोदशीस उरले दिवस पाच.

त्याच सोमवारी दोन प्रहरी नीरजशेठांची स्वारी अंगणात आली. नंदकिशोरजींनी ढिगातून मूठ घेतली, दाबिली, हुंगिली, डोळे मिटून पुनः हुंगिली आणि निवाडा दिला, "पक ग्यो, सेठजी. पहली बारिश की मिट्टी जैसी बास है." शेठांनी बाईंस फर्माविले, की दाखल्यावर सही करावी, समितीच्या गाड्या बोलवाव्यात, विषय संपवावा. बाईंनी वही पुढे केली. पहिल्या पानावर पंचवीस, आजच्या पानावर एकोणतीस. शेठांनी समजाविले, की चार आकड्यांनी कोणाचे काय बिघडते? नंदकिशोरजींसारखा अनुभवी माणूस हो म्हणतो, आणि सही केली तर ढीग तुमचा, खाते तुमचे. न केली तर भट्टीवाल्याचा ट्रक उद्या दोन प्रहरी येतो.

येथे वाचणाराने थांबून विचार करावा, की आपण काय केले असते. हा लेखक तर सही करून, दाखल्यास घडी घालून, वर पेढा मागून मोकळा जाहला असता. परंतु बाईंच्या डोळ्यांपुढे मानसरोवरातील वाफे आले आणि त्यात माना टाकलेली रोपे आली, आणि त्या एवढेच बोलिल्या, "सर, नंबर नहीं आया है. मैं साइन नहीं करूँगी." मग वहीत आपल्या हाताने ओळ लिहिली, की आकडा एकोणतीस, सही नाही. शेठ रागे भरून गेले. नंदकिशोरजी मूठ तशीच हाती धरून उभे राहिले. आणि बाई परतीच्या बसमध्ये खिडकीकडे तोंड करून रडल्या. मोहिमेच्या हकीकतीत सुभेदारांच्या रडण्याची नोंद करू नये ऐसा रिवाज आहे, परंतु रडल्या ते रडल्या.

मंगळवारी सकाळी बाई लवकर आल्या, त्या खात्याचे सामान बांधण्यासाठी. डब्या ओळीने मांडिल्या. जाता जाता सर्व डब्यांची एकवार मोजदाद करून वही पुरी करावी, म्हणजे पुढे कोणी वाचील, ऐसे मनात आणून यंत्र बैठकीत बसविले, उचलिले आणि पहिल्या सोमवारच्या डबीवर ठेविले. अडतीस यायचे, ते आले चव्वेचाळीस.

बाई थबकल्या. ढीग तरुण होईल, शेण कमी पडेल, हवा पोहोचणार नाही, हे सर्व मान्य. परंतु जो चोथा आषाढापासून काचेत बंद आहे, ज्यास ना शेण लागले ना वारा, तो कसा तरुण होईल? दुसरी डबी, तीही उजळ. तिसरी, तीही. तेव्हा बाईंनी बैठक उचलून उलटी केली, खिडकीपाशी नेली आणि आयुष्यात प्रथमच तिच्या तळाशी वाकून पाहिले. पांढऱ्याशुभ्र टाइलीवर मधोमध, हळदीच्या पिवळ्या वर्तुळात, कुंकवाचे लाल बोट फासलेले.

बाईंनी तत्काळ मानसरोवरी फोन लाविला.

"बाबा, दसऱ्याला माझ्या मशीनला तुम्ही काय केलं?"

"काय केलं म्हंजे? पूजा केली."

"मतलब, कुंकू नेमकं कुठं लावलं?"

"यंत्र तं समदं काळंभोर होतं वं, त्याच्यावर कुंकू दिसते काय? तं म्या खालच्या खड्ड्यात बोट घातलं, थो पांढरा भाग होता ना, तिथं लावलं. मस्त उठून दिसलं. मंग तुले डाग आवडत नाही म्हणून रुमालानं पुसूनबी टाकलं."

"बाबा!"

"काऊन वं? काई बिघडलं काय?"

बिघडले ते ऐसे, की दोन आठवडे यंत्र दर वेळी तो हळदीकुंकवाचा मळका डाग पाहून हेच पांढरे ऐसे समजत होते; आणि ज्याचे पांढरेच मळके, त्यास तमाम दुनिया उजळ दिसणारच. लाल डागास पांढरे मानिल्यामुळे चोथा हिरवट दिसला, हेही उलगडले. पंढरीनाथरावांनी भक्तिभावाने लाविलेल्या एका बोटाने जे नुकसान केले ते नमकीनवाल्याच्या चार वकिलांस साधले नव्हते. बाईंस प्रथम राग आला, मग हसू आले, मग दोन्ही मिळून आले, आणि त्यांनी स्पिरिटात कापूस बुडवून टाइल लखलखीत पुसली. पहिली डबी मोजिली, अडतीस. सोमवारचा नमुना मोजिला.

चोवीस.

फाटकाशी भट्टीवाल्याच्या ट्रकाचा कर्णा वाजला. तो सांगितल्या वेळेआधी दोन तास आला होता, जे जयपुरात कधी होत नाही.

आता येथे एक नाजूक गोष्ट लिहिणे भाग आहे. बाईंच्या मनात आले, की बैठक आपण पुसली, कोणी पाहिले नाही. एका रात्रीत आकडा उतरला ऐसे सांगावे आणि चोवीस दाखवावे. घरच्या पूजेची शोभा कशास करावी, आणि नंदकिशोरजींचे नाक खरे निघाले हे त्यांच्याच तोंडावर कशास सांगावे? त्या मिशा जन्मभर खाली येणार नाहीत. हा मोह बाईंस पुरी दोन मिनिटे जाहला. मग त्या लाल डागाचा कापूस आणि वही घेऊन तडक अंगणात गेल्या, जेथे नंदकिशोरजी ट्रकवाल्याशी हुज्जत घालीत होते, आणि ट्रक भरवून घेण्यास आलेले नीरजशेठ व मजूर यांच्यादेखत सर्व सांगितले, दसरा, टाइल, वडिलांचे बोट आणि चव्वेचाळीस. शेवटी बोलिल्या, "नंदकिशोरजी, आप सही थे. ढेर कल भी पका हुआ था."

 मग नीरजशेठ इतके हसले, की त्यांस ट्रकच्या चाकास टेकून उभे राहावे लागले. मजूर हसले. ट्रकवाला, ज्यास यातील काहीच ठाऊक नव्हते, तोही हसला. नंदकिशोरजी तेवढे हसले नाहीत. त्यांनी तो कापूस हाती घेऊन निरखून पाहिला आणि मग बोलिले ते ऐसे: "मैडमजी, तीन महीने से मैं इस मशीन को खिलौना समझ रहा था. कल आप दस्तखत कर देतीं, तो आज भी वही समझता."

 पंढरीनाथरावांचा फोन पुनः पुनः वाजत होता, तो बाईंनी उचलिला नाही. नंदकिशोरजींनी स्वतः ट्रकवाल्यास चहा पाजून, रिकामा ट्रक उलटा फिरवून फाटकाबाहेर काढून दिला, आणि नमकीनवाल्याच्या गच्चीवरून जे कोणी पाहत होते त्यांनी टाळ्या वाजविल्या, मात्र त्या कशासाठी हे त्यांस ठाऊक नसावे.

मग ढिगापाशी खुर्ची मांडिली, वही आणिली, आणि सोमवारच्या ओळीखाली बाईंनी लिहिले, आकडा चोवीस, आणि सही केली. नीरजशेठांनी वही हाती घेऊन फर्माविले, की समितीस ही वहीच दाखवू, परंतु वरची एकोणतिसाची ओळ तेवढी खोडावी, उगाच शंका निघते. शेठांनी खिशातून पेन काढिले. तोच नंदकिशोरजींनी पुढे होऊन, शेणाने भरलेला आपला पंजा वहीच्या पानावर ठेविला. "ये लाइन नहीं कटेगी, सेठजी." शेठांनी मुकादमाकडे पाहिले, मग बाईंकडे, आणि पेन मिटून खिशात ठेविले.

येणेप्रमाणे आश्विन वद्य पक्षी, मंगळवारी, सूर्य डोईवर असता, साठ टन जैतुनी चोथा खत होऊन शरण आला. फौजेतील नुकसान: फावडी दोन, हातमोजे सात जोड, आणि नमकीनवाल्याशी असलेला बोलण्याचा संबंध. गुरुवारपासून समितीच्या गाड्यांनी खत नेले आणि धनत्रयोदशीस अंगण झाडून, सडा घालून रिकामे होते. वही कंपोस्ट खात्याच्या दप्तरात आहे. तीत सोमवारची ओळ आहे, मंगळवारची ओळ आहे, आणि दोहोंवर मिळून शेणाच्या पाच बोटांचा ठसा आहे. हीच या फत्तेची मोर्तब समजावी.